ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यानंतर टेबल रिस्टोअर मंदावले, तर नेमके कारण कसे शोधावे

जुन्या सर्व्हरवर तासाभरात उरकणारे टेबल रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेसचे टेबल पुन्हा उभे करणे, नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर रात्रभर रेंगाळू लागले, की बहुतेक जण सापडतील त्या दहा सेटिंग एकदम बदलून पाहतात. त्यातून कधीकधी वेग येतोही. पण तो कशामुळे आला हे कळत नाही आणि डेटा सुरक्षित ठेवणारी एखादी सेटिंग कायमची बंद राहून जाते. ऑपरेटिंग सिस्टीम बदलते तेव्हा फक्त कर्नल (सिस्टीमचा गाभा) बदलत नाही. फाइलसिस्टीम, डिस्कचा ड्रायव्हर, डेटाबेसची आवृत्ती, कॉन्फिगरेशन फाइलची जागा, अक्षरक्रम ठरवणारी लायब्ररी आणि लिहिलेला डेटा खरोखर डिस्कवर पोचला का याची हमी, यांतले बरेच काही एकाच वेळी, न सांगता बदलते. म्हणून आधी मोजायचे आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा क्रम मोडू नये. पुढील टप्पे प्रामुख्याने पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालींसाठी आहेत. विंडोजवरील एसक्यूएल सर्व्हरचा एक मुद्दा योग्य जागी येईल.

## टप्पा १: कशालाही हात लावण्याआधीची तयारी

जुना सर्व्हर अजून चालू असेल तर तो लगेच पुसू नका. दोन्ही यंत्रांवरील पुढील बाबी शेजारीशेजारी लिहून काढा: कर्नलची आवृत्ती, डेटाबेसची पूर्ण आवृत्ती, डेटा डिरेक्टरी कोणत्या फाइलसिस्टीमवर आहे, ती कोणत्या माउंट पर्यायांनी जोडली आहे, आणि बॅकअप घेताना व रिस्टोअर करताना नेमकी कोणती आज्ञा दिली होती. शेवटची बाब सर्वाधिक वेळा सुटते.

त्यानंतर डेटाबेस प्रत्यक्षात कोणती कॉन्फिगरेशन फाइल वाचतो आहे हे त्यालाच विचारा. पोस्टग्रेसमध्ये ‘शो कॉन्फिग_फाइल’ ही आज्ञा फाइलचा मार्ग सांगते आणि ‘पीजी_सेटिंग्ज’ या व्ह्यूमध्ये प्रत्येक मूल्य कुठून आले तेही दिसते. मायएसक्यूएलमध्ये ‘शो व्हेरिएबल्स’ने चालू मूल्ये पाहावीत, कारण एका वितरणात मुख्य फाइल थेट ईटीसी डिरेक्टरीत असते, तर दुसऱ्यात तिच्या आतील मायएसक्यूएल डिरेक्टरीत. जुनी फाइल जुन्याच जागी नेऊन ठेवली, पण नवा सर्व्हर ती वाचतच नाही, ही मंद रिस्टोअरची अगदी साधी आणि नेहमीची कथा आहे. अशा वेळी इनोडीबीचा (मायएसक्यूएलच्या साठवण इंजिनाचा) बफर पूल किंवा पोस्टग्रेसचे ‘शेअर्ड_बफर्स’, म्हणजे डेटासाठी राखलेली मेमरी, १२८ एमबी या डिफॉल्टवर गुपचूप परत आलेले असतात.

सावधान: लिनक्सवर कॉन्फिगरेशन फाइलला सर्वांसाठी लिहिण्याची परवानगी राहिली असेल, तर मायएसक्यूएल ती फाइल दुर्लक्षित करतो. दुसऱ्या यंत्रावरून फाइल आणताना परवानग्या बिघडणे सहज घडते. एरर लॉगमध्ये त्याची सूचना सापडते.

शेवटी चाचणीसाठी एक मध्यम आकाराचे टेबल निवडा, ज्यावर दोनतीन इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) असतील आणि त्यांतला किमान एक मजकुराच्या कॉलमवर असेल. पूर्ण डेटाबेसवर प्रयोग करू नका. प्रत्येक प्रयोगाला तास गेले, तर धीर सुटतो आणि माणूस पुन्हा अंदाजाने सेटिंग बदलू लागतो.

## टप्पा २: तुलना सारख्याची सारख्याशी आहे का?

बऱ्याच तक्रारींत दोन वेगळ्या कामांची तुलना झालेली असते. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_डम्प’ या बॅकअप घेणाऱ्या साधनाला टेबलाचे नाव दिले, तर टेबलासोबत त्याचे इंडेक्सही येतात, पण संपूर्ण आर्काइव्हमधून (बॅकअप फाइलमधून) ‘पीजी_रिस्टोअर’ला टेबलाचे नाव देऊन रिस्टोअर केले, तर इंडेक्स येत नाहीत. एकदा इंडेक्ससह आणि एकदा त्यांच्याविना मोजलेल्या वेळा समोरासमोर ठेवण्यात अर्थ नाही. एकच टेबल इंडेक्ससह हवे असेल, तर आधी आर्काइव्हची सूची काढा, तिच्यात हव्या त्या ओळी ठेवा आणि ती सूची रिस्टोअरला द्या.

आधीच इंडेक्स, ट्रिगर (बदलासोबत आपोआप चालणारा कोड) आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा नियम) असलेल्या टेबलात केवळ डेटा भरणे हाही असाच फरक. तिथे प्रत्येक ओळीमागे सगळे इंडेक्स अद्ययावत होतात. रिकामे टेबल तयार करून, डेटा भरून, मग इंडेक्स बांधणे सामान्यतः बरेच जलद असते.

तिसरा फरक डम्पच्या, म्हणजे बॅकअप फाइलच्या, रूपात असतो. पोस्टग्रेसचा डम्प अनेक ओळी एकदम भरणाऱ्या ‘कॉपी’ऐवजी एकेक ओळ घालणाऱ्या ‘इन्सर्ट’ वाक्यांचा असेल, किंवा मायएसक्यूएलचा डम्प घेताना एका वाक्यात अनेक ओळी घालणारा पर्याय बंद केला असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही असो, रिस्टोअर मंदच राहील. जुन्या यंत्रावर ते खपून गेले असेल, तर का खपले ते टप्पा ५ मध्ये कळेल.

तपासा: पोस्टग्रेसचा कस्टम आर्काइव्ह तयार होताना तो पाइपमधून दुसरीकडे पाठवला होता का? तसे असेल तर आर्काइव्हच्या सूचीत प्रत्येक टेबलाचा डेटा फाइलमध्ये कुठे आहे याची नोंद नसते. मग एका छोट्या टेबलासाठीही रिस्टोअरला फाइल वाचत पुढे सरकावे लागते.

## टप्पा ३: रिस्टोअरचे तुकडे करा आणि प्रत्येकाला घड्याळ लावा

पोस्टग्रेसमध्ये रिस्टोअर तीन विभागांत चालवता येते. ‘प्री-डेटा’मध्ये टेबलांच्या व्याख्या येतात, ‘डेटा’मध्ये ओळी, तर ‘पोस्ट-डेटा’मध्ये इंडेक्स, कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) आणि ट्रिगर. तिन्ही विभाग स्वतंत्रपणे, याच क्रमाने चालवून वेळ लिहा. मायएसक्यूएलच्या साध्या डम्पमध्ये दुय्यम इंडेक्स टेबलाच्या व्याख्येतच असतात. म्हणून चाचणीसाठी व्याख्येतून ते काढा, डेटा भरा आणि नंतर ‘आल्टर टेबल’ने जोडा, म्हणजे भरण्याचा आणि इंडेक्सचा वेळ वेगळा होतो.

याआधी आणखी एक मोजणी करा: बॅकअप फाइल फक्त उलगडून तिचा मजकूर कुठेही न लिहिता टाकून द्या. त्यालाच जवळजवळ रिस्टोअरएवढा वेळ लागत असेल, तर डेटाबेसचा दोष नाही. फाइल नेटवर्कवरील मंद ड्राइव्हवर आहे किंवा ती उलगडताना एकच कोर राबतो आहे.

निकाल असा वाचा. ‘डेटा’ विभाग फुगला असेल तर टप्पे ४, ५ आणि ६ तुमच्यासाठी आहेत. ‘पोस्ट-डेटा’ फुगला असेल तर थेट टप्पा ८ कडे जा. दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावले असतील, तर टप्पा ६ आणि ७ आधी पाहा, कारण बहुधा खालची डिस्क किंवा वरचे कॉन्फिगरेशनच वेगळे आहे.

## टप्पा ४: काम चालू असताना ते कुठे अडले आहे ते पाहा

चाचणीचे रिस्टोअर सुरू करा आणि दुसऱ्या टर्मिनलवर प्रोसेसर व डिस्क यांचा वापर दाखवणारी ‘टॉप’ व ‘आयओस्टॅट’ ही साधने लावा. ‘आयओस्टॅट’ची विस्तारित माहिती दर सेकंदाला घ्या. त्यात सरासरी लेखन काही एमबीच असेल, एका लेखनामागचा प्रतीक्षावेळ मात्र कित्येक मिलिसेकंद असेल आणि प्रोसेसर जवळपास रिकामा असेल, तर डिस्कला लिहिणे जड जात नसून प्रत्येक छोट्या लेखनानंतर ‘पोचले’ या उत्तराची वाट पाहण्यात वेळ जातो आहे. उलट, डिस्क शांत असून एकच कोर शंभर टक्के व्यग्र असेल, तर तुलना, क्रमवारी किंवा उलगडणे हे काम एका धाग्यावर अडकले आहे.

पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’ या व्ह्यूमधील ‘वेट_इव्हेंट’ हा कॉलम काही सेकंदांच्या अंतराने वारंवार पाहा. ‘वॉलसिंक’ वारंवार दिसले, तर लॉग (बदलांची नोंदवही) डिस्कवर फ्लश होण्याची, म्हणजे खरोखर उतरण्याची, वाट पाहिली जाते आहे. ‘डेटाफाइलएक्स्टेंड’ दिसले, तर टेबलाची फाइल वाढवताना फाइलसिस्टीम वेळ घेते आहे. ‘क्लायंटरीड’ दिसले, तर सर्व्हर मोकळा बसून पलीकडून डेटा येण्याची वाट पाहतो आहे, म्हणजे बॅकअप वाचणारी बाजू मंद आहे. हा शेवटचा निष्कर्ष अनेकांना पटत नाही आणि ते सर्व्हरच्याच सेटिंग हलवत बसतात. मायएसक्यूएलमध्ये ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’च्या उत्तरात प्रलंबित फ्लशची ओळ असते, ती सतत शून्याहून अधिक असेल, तर रोख पहिल्या शक्यतेकडे आहे.

तपासा: एकदा पाहून निष्कर्ष काढू नका. चेकपॉइंट (मेमरीतले बदल डेटा फाइलींत उतरवण्याचे काम) चालू असतानाचे चित्र वेगळे आणि नसतानाचे वेगळे असते. दोन्ही वेळचे पाहा.

## टप्पा ५: फ्लशचा खरा वेग मोजा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, म्हणून तो घाईत उरकू नका.

डेटाबेस कमिट करताना (बदल पक्का करताना) ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो की हा लॉग कायमस्वरूपी साठवणीत पोचल्याशिवाय मला उत्तर देऊ नकोस. हे सांगणे किती प्रामाणिकपणे पाळले जाते, ते सिस्टीमगणिक बदलते. जुन्या लिनक्स यंत्रांवरील ईएक्सटी३ फाइलसिस्टीममध्ये राइट बॅरिअर (डिस्कच्या कॅशेतील डेटा खाली उतरवण्याची सक्ती) डिफॉल्टने बंद असत, ईएक्सटी४ मध्ये ते डिफॉल्टने चालू असतात. एक्सएफएसमध्ये बॅरिअर बंद करण्याचा माउंट पर्याय होता, तो लिनक्स कर्नल ४.१९ मध्ये काढून टाकण्यात आला. मॅकओएसवर साधा ‘एफसिंक’ (डेटा डिस्कवर उतरवण्याची हाक) ड्राइव्हची स्वतःची कॅशे रिकामी करण्याची सक्ती करत नाही. त्यासाठी वेगळी, अधिक कडक हाक द्यावी लागते. म्हणजे जुन्या सिस्टीमवरचा वेग काही वेळा हमी न पाळल्यामुळे मिळालेला असतो आणि नवी सिस्टीम मंद वाटते, कारण ती हमी पाळते.

हे ताडून पाहण्याचा साधा हिशेब आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. बॅटरीचे संरक्षण असलेली कॅशे नसलेल्या अशा डिस्कवर एकामागून एक होणारे खरे फ्लश सेकंदाला साधारण शंभरच्या आसपासच व्हायला हवेत. तिथे हजारो दिसत असतील, तर मधली कुठली तरी कॅशे खोटे उत्तर देते आहे. आता एक लाख ओळींचा डम्प, प्रत्येक ओळ वेगळ्या ‘इन्सर्ट’ने आणि वेगळ्या कमिटने, असा विचार करा: सेकंदाला १२० फ्लशच्या वेगाने त्याला सुमारे १४ मिनिटे लागतील, तर ०.१ मिलिसेकंदात उत्तर देणाऱ्या साठवणीवर फ्लशसाठी १० सेकंद. डेटा तोच आणि डेटाबेसही तोच असतो, फरक फक्त फ्लशचा.

मोजण्यासाठी पोस्टग्रेससोबत ‘पीजी_टेस्ट_एफसिंक’ हे साधन येते. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी ‘एफआयओ’ या डिस्क मोजणाऱ्या साधनाने प्रत्येक छोट्या लेखनानंतर ‘एफडेटासिंक’ (फ्लश) करणारी चाचणी चालवावी. मोजणी दोन्ही यंत्रांवर करा.

सावधान: ‘पीजी_टेस्ट_एफसिंक’ आपली चाचणी फाइल तुम्ही उभे आहात त्या डिरेक्टरीत तयार करते. लॉग ज्या फाइलसिस्टीमवर आहे त्याच फाइलसिस्टीमवरील मार्ग तिला स्पष्टपणे द्या; नाहीतर होम डिरेक्टरीची डिस्क मोजून डेटाबेसच्या डिस्कबद्दल निष्कर्ष काढला जाईल.

फ्लश हेच कारण ठरले, तर उपाय फ्लश बंद करणे नव्हे, तर त्यांची संख्या कमी करणे आहे. डम्प ‘कॉपी’च्या किंवा एका वाक्यात अनेक ओळींच्या रूपात पुन्हा घ्या. पुन्हा घेता येत नसेल, तर ‘इन्सर्ट’ वाक्ये मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकाच कमिटने संपणाऱ्या गटात) गुंडाळा. बॅरिअर बंद करून, म्हणजे जुनी असुरक्षित अवस्था नव्या यंत्रावर आणून, वेग मिळवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वीज गेल्यावर त्याची किंमत कळते आणि तेव्हा ती वसूल करता येत नाही.

## टप्पा ६: डिस्क आणि डेटाबेस यांच्या मध्ये काय आले आहे?

नव्या सिस्टीमने डेटा डिरेक्टरी बीटीआरएफएसवर ठेवली आहे का ते पाहा. ही फाइलसिस्टीम प्रत्येक बदल नव्या जागी लिहिते, त्यामुळे डेटाबेसच्या फाइली विखुरतात. डिरेक्टरीसाठी ती पद्धत बंद करता येते, पण हा गुणधर्म डिरेक्टरी रिकामी असतानाच लावावा, कारण आधीच्या फाइलींना तो लागू होत नाही आणि त्यासोबत डेटाचे चेकसमही बंद होतात. झेडएफएसवर रेकॉर्डचा आकार डिफॉल्टने १२८ केबी असतो, पोस्टग्रेसचे पान ८ केबीचे आणि इनोडीबीचे १६ केबीचे. ही तफावत लक्षात घ्या.

व्हर्च्युअल यंत्र असेल, तर डिस्क अनुकरण केलेल्या जुन्या कंट्रोलरवर जोडली गेली आहे की व्हर्च्युअल यंत्रांसाठीच बनवलेल्या व्हर्टआयओसारख्या ड्रायव्हरवर, हे तपासा. कंटेनर वापरत असाल आणि डेटा डिरेक्टरी यजमान विंडोज किंवा मॅकओएसच्या फोल्डरवरून जोडली असेल, तर ती कंटेनरच्या स्वतःच्या व्हॉल्यूममध्ये हलवा. विंडोजवर अँटिव्हायरसची तत्काळ तपासणी डेटा डिरेक्टरीसाठी वगळलेली असावी आणि पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’वर राहिलेला नसावा.

एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी इथे एक खास तपासणी आहे. नव्या विंडोजवर सेवेचे खाते बदलले, की ‘परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स’ हा अधिकार त्या खात्याकडे नसू शकतो. तो नसेल तर रिस्टोअरच्या सुरुवातीला डेटा फाइल पूर्णपणे शून्यांनी भरली जाते आणि प्रगतीचा आकडा बराच वेळ शून्यावर थांबलेला दिसतो. अधिकार दिल्यावर सेवा पुन्हा सुरू करा. लॉग फाइल मात्र रिस्टोअरमध्ये त्यानंतरही शून्यांनी भरली जाते.

## टप्पा ७: आवृत्तीसोबत बदललेली डिफॉल्ट मूल्ये

ऑपरेटिंग सिस्टीमसोबत पॅकेजमधला डेटाबेसही नवा आला असेल, तर दोष ऑपरेटिंग सिस्टीमच्या माथी मारण्याआधी इथे पाहा. मायएसक्यूएल ५.६ मध्ये बायनरी लॉग (बदलांची वेगळी नोंद) डिफॉल्टने बंद होता आणि तो किती कमिटनंतर फ्लश करायचा हे ठरवणाऱ्या ‘सिंक_बिनलॉग’चे मूल्य ० होते. ५.७.७ पासून ते मूल्य १ झाले आणि ८.० मध्ये बायनरी लॉगच डिफॉल्टने चालू झाला. परिणामी तोच डम्प भरताना प्रत्येक बदल आणखी एका लॉगमध्ये लिहिला जातो आणि तोही फ्लश होतो. रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवर चालणारी जुळती प्रत) नसेल, तर रिस्टोअरच्या सत्रापुरते ‘एसक्यूएल_लॉग_बिन’ शून्य करा. ही सेटिंग त्या सत्रापुरतीच ठेवा आणि रिस्टोअर संपल्यावर नवा पूर्ण बॅकअप घ्या, कारण त्या काळातील बदल बायनरी लॉगमध्ये नसतील.

## टप्पा ८: इंडेक्स बांधताना लागणारा वेळ

नव्या यंत्रावर पोस्टग्रेसचे क्लस्टर (एका सर्व्हरखालील डेटाबेसांचा संच) तयार करताना लोकेल (भाषा व अक्षरक्रमाची सेटिंग) कोणते घेतले गेले, हे क्वचितच कोणी पाहते. जुना डेटाबेस साध्या बाइटक्रमाच्या ‘सी’ लोकेलमध्ये असेल आणि नवा एखाद्या भाषेच्या यूटीएफ-८ लोकेलमध्ये, तर मजकुराची प्रत्येक तुलना सिस्टीमच्या लायब्ररीतून होते आणि मजकुराच्या कॉलमवरील इंडेक्स बांधायला लक्षणीय जास्त वेळ लागतो. अंकांच्या कॉलमवरचा इंडेक्स पूर्वीच्याच वेळेत आणि मजकुराचा मात्र कितीतरी जास्त वेळेत झाला, तर हेच कारण मानून दोन्हीकडचे लोकेल पाहा. बदल करण्याआधी मात्र अ‍ॅप्लिकेशनला कोणता अक्षरक्रम अपेक्षित आहे हे ठरवा, कारण लोकेल बदलले की क्रमवारीत येणारे निकालही बदलतात.

सावधान: कंटाळून रिस्टोअर सोडून जुनी डेटा डिरेक्टरीच उचलून नव्या लिनक्सवर ठेवण्याचा मोह टाळा. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. त्याआधीच्या सिस्टीमवर बांधलेले मजकुराचे इंडेक्स त्यानंतरच्या सिस्टीमवर चुकीची उत्तरे देऊ शकतात. तशी डिरेक्टरी आणलीच असेल, तर मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधणे आवश्यक आहे.

लोकेल सारखे असेल, तर पोस्टग्रेसमधील ‘मेंटेनन्स_वर्क_मेम’ (इंडेक्स बांधण्यासारख्या कामांसाठीची मेमरी) पाहा. त्याचे डिफॉल्ट ६४ एमबी आहे आणि मोठ्या इंडेक्सची क्रमवारी तेवढ्यात मावत नाही, मग ती तात्पुरत्या फाइलींवर जाते. मायएसक्यूएलच्या बाबतीत तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी कुठे आहे तेही पाहा; काही नवी वितरणे टेम्प डिरेक्टरी मेमरीतच ठेवतात, त्यामुळे मोठी क्रमवारी चालू असताना मेमरी संपून स्वॅप सुरू होऊ शकतो.

## टप्पा ९: रिस्टोअरपुरत्या सेटिंग, या क्रमाने

कारण कळल्यावरच इथवर या. प्रत्येक पायरीनंतर चाचणीचे टेबल पुन्हा रिस्टोअर करून वेळ लिहा.

1. ‘पीजी_रिस्टोअर’ला समांतर कामांची संख्या द्या. हे कस्टम आणि डिरेक्टरी स्वरूपातच चालते, साध्या एसक्यूएल डम्पवर नाही, आणि एकाच ट्रान्झॅक्शनच्या पर्यायासोबतही नाही. एका टेबलाचा डेटा एकच काम भरते. म्हणून एकच प्रचंड टेबल असेल, तर फायदा त्याच्या इंडेक्सच्या वेळी दिसेल.
2. ‘मेंटेनन्स_वर्क_मेम’ वाढवा, पण ती समांतर कामांच्या संख्येने गुणून पाहा. चार कामे आणि प्रत्येकी १ जीबी म्हणजे ४ जीबी वेगळे काढावे लागतील.
3. लॉगमध्ये चेकपॉइंट फार लवकर होत असल्याची सूचना येत असेल, तर ‘मॅक्स_वॉल_साइज’ ही लॉगच्या आकाराची मर्यादा १ जीबीच्या डिफॉल्टवरून वाढवा. त्याआधी डिस्कवर तेवढी जागा आहे याची खात्री करा.
4. पोस्टग्रेसमध्ये ‘सिंक्रोनस_कमिट’ तात्पुरते बंद करा किंवा मायएसक्यूएलमध्ये ‘इनोडीबी_फ्लश_लॉग_अ‍ॅट_टीआरएक्स_कमिट’ २ करा. अचानक बंद पडल्यास शेवटचे काही कमिट जाऊ शकतात, पण डेटाबेस बिघडत नाही. रिस्टोअर पुन्हा चालवता येते, म्हणून हा धोका पत्करण्याजोगा आहे.

सावधान: पोस्टग्रेसचा ‘एफसिंक’ बंद करणे या यादीत मुद्दाम घेतलेले नाही. त्यामुळे यंत्र मध्येच बंद पडल्यास संपूर्ण क्लस्टर निकामी होऊ शकतो, आणि त्यात आधीपासून असलेले इतर डेटाबेसही जातात.

## टप्पा १०: पूर्ववत करणे आणि पडताळणी

रिस्टोअर संपताच तात्पुरत्या सेटिंग काढा, सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि मूल्ये फाइलमधून न वाचता चालू सर्व्हरला विचारून पाहा. मग ‘अ‍ॅनालाइझ’ चालवा. रिस्टोअरनंतर टेबलाची सांख्यिकी ताजी नसेल, तर क्वेरी चुकीच्या योजनेने चालतात आणि नवी सिस्टीमच मंद असल्याचा गैरसमज पुन्हा सुरू होतो.

ओळींची संख्या जुन्या यंत्राशी जुळते का, इंडेक्स आणि कन्स्ट्रेंट यांची यादी जुळते का, आणि एरर लॉगमध्ये रिस्टोअरच्या काळातील कोणती ओळ दुर्लक्षित राहिली का, हे तिन्ही तपासा. त्यानंतर नव्या यंत्रावरून एक पूर्ण बॅकअप घ्या, तो रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करून पाहा आणि लागलेला वेळ टप्पा १ मधील नोंदींच्या शेजारी लिहून ठेवा.